अंडरटेकर हरल्यावर टीव्ही बंद केलेल्यांसाठी

१३ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी टीव्ही-कुस्तीतला (आपल्या वेळचं डब्ल्यूडब्ल्यूएफ) नामांकित पैलवान जॉन सीना शेवटची लढत खेळला. गुंथर नावाच्या ऑस्ट्रियन पैलवानाने त्याच्या गळ्याला पकड घातली. सीनाने बराच वेळ सोसलं आणि शेवटी हात आपटून हार कबूल केली. आमच्या शाळेच्या ग्रुपवर ही बातमी पडली तेव्हा परभणी, जालना, अंबाजोगाईकडचे जुने भिडू बऱ्याच दिवसांनी बोलते झाले. बहुतेकांचा प्रश्न एकच होता: "अजून चालू आहे का ते?"

चालू आहे. आणि गेल्या चार-पाच वर्षांत जितकं चांगलं चाललंय तितकं आपण शाळेत असतानाही नव्हतं, असं माझं ठाम मत आहे. पण ते पटवायचं तर आपण ते सोडलं का, इथून सुरुवात करावी लागते. त्याची मुळं डब्ल्यूडब्ल्यूएफपेक्षा जुनी आहेत.

मराठवाड्याला कुस्ती काही टीव्हीने शिकवली नाही. महाराष्ट्र केसरीचा पहिला मान दिनकर दह्यारी यांनी १९६१ साली मिळवला, तो औरंगाबादच्या म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या मैदानात. १९६९ साली लातूरला हरिश्चंद्र बिराजदार महाराष्ट्र केसरी झाले. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा हा गडी पुढच्याच वर्षी एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून सुवर्णपदक घेऊन आला. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे पुण्यात याच बिराजदारांच्या हाताखाली तयार झाला, आणि त्याने २०१८ ला राष्ट्रकुल सुवर्ण, २०१९ ला जागतिक स्पर्धेचं कांस्य मिळवलं.

हे सांगायचं कारण असं, की आपल्याकडचा प्रेक्षक कुस्तीच्या बाबतीत कच्चा नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत फडाच्या कडेला बसलेली म्हातारी माणसं बघा. हलगी कडाडत असते, पोरांच्या छोट्या कुस्त्या होऊन मोठ्या जोड्या लागलेल्या असतात, आणि दोन पैलवान नुसते खांद्याला खांदा लावून वेळ काढायला लागले की मागून लगेच आवाज येतो, "लावा निकाल, नाही तर सोडा!" ठरवून खेळलेली नुराकुस्ती या माणसांच्या नजरेतून सुटत नाही. "ते सगळं खोटं असतं" हा निकाल आपल्या घराघरात दिला गेला तो याच नजरेने. आजोबा, काका, नाही तर तालमीत जाऊन आलेला एखादा दादा. सांगणारं कुणी ना कुणी होतंच.

ते म्हणत होते ते बरोबरच होतं. पण हे खोटं का जन्माला आलं, ते कुणी सांगितलं नाही.

१० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये आपला गामा पैलवान आणि पोलंडचा झिबिस्को यांची लढत झाली. झिबिस्को जवळजवळ पूर्ण वेळ पोटावर पडून जमिनीला चिकटून राहिला आणि गामाला त्याला उलटा करता येईना. अडीच तासांहून जास्त वेळ हेच चाललं आणि लढत बरोबरीत सोडवावी लागली. आठवड्याने पुन्हा गाठ ठरली, तेव्हा झिबिस्को आलाच नाही आणि जॉन बुल पट्टा गामाला मिळाला. पुढे १९२८ साली पटियाळ्यात दोघं परत भिडले आणि गामाने मिनिटभरातच त्याला चीत केलं. खऱ्या कुस्तीचं हे असंच असतं. कधी तासन् तास काही घडत नाही, कधी बसायला जागा मिळेपर्यंत संपलेली असते. यात्रेत ते चालतं, कारण तिथे दिवसभर जोड्या लागत राहतात. एका लढतीसाठी तिकीट काढून आलेल्या माणसाला मात्र दोन्ही परवडत नाही.

अमेरिकेत ही अडचण फार आधीच उभी राहिली होती. तिथल्या यादवी युद्धानंतर फिरत्या जत्रांबरोबर पैलवान हिंडायचे, गावातल्या गड्यांना आव्हान द्यायचे, आणि त्यावर पैजा लागायच्या. लोकांना शेवटपर्यंत धरून ठेवायचं तर निकाल आधी ठरलेला बरा, हे तिथे हळूहळू मुरत गेलं. १९२० च्या दशकात एड 'स्ट्रँगलर' लुईस, बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी त्याचा रीतसर धंदा केला: लढतीला वेळेची मर्यादा, डोळ्यात भरणारे डाव, एकच ताफा गावोगाव, आणि पुढच्या लढतीची उत्सुकता लागेल असा शेवट. आतली गोष्ट बाहेर फोडायची नाही, हा नियम पैलवानांनी पिढ्यान् पिढ्या पाळला. रिंगणातले वैरी बाहेर एका टेबलावर जेवतानासुद्धा दिसायचे नाहीत.

आपल्याकडे हा प्रकार दारासिंग आणि किंगकाँग या पैलवानांच्या काळात रुजला. २९ मे १९६८ ला मुंबईत दारासिंगने अमेरिकन पैलवान लू थेझला हरवलं, आणि पुढे १९८७ पासून 'रामायण' मालिकेतला हनुमान म्हणून तो घराघरात पोचला. आपल्या आजोबांनी त्याच्यावर जीव लावला तेव्हा खरं-खोटं विचारलं नव्हतं, एवढं मी इथे नोंदवून ठेवतो.

१९९१ साली स्टार टीव्ही आला. तालुक्याच्या गावात केबल पोचायला आणखी काही वर्षं गेली, पण पैलवान त्याआधीच पत्त्यांतून आले. रँक, उंची, वजन, छाती, दंड, लढती. पत्ता पालथा धरायचा, एक आकडा बोलायचा, समोरच्याचा कमी निघाला की त्याचा पत्ता आपला. योकोझुना हातात असला की वजनच सांगायचं, दुसरं काही नाही. मधल्या सुट्टीत बाकाखाली डाव चालायचे, सर पत्ते जप्त करायचे, आणि पोरं कडा झिजलेला नवा-जुना गठ्ठा परत जमवायची. घरात कापूस भरून ठेवायचे दिवस आले की त्याच्या ढिगावर चोकस्लॅम, म्हणजे गळा धरून उचलून आपटायचे डाव, व्हायचे. २००२ साली डब्ल्यूडब्ल्यूएफचं नाव बदलून डब्ल्यूडब्ल्यूई झालं आणि त्याच वर्षी ते दाखवणारं टेन स्पोर्ट्स चॅनेल सुरू झालं. भारनियमनाच्या वेळा सांभाळून अंडरटेकर, रॉक, रे मिस्टेरियो बघितलेली ती पिढी. २००६ साली हिमाचलचा दलीपसिंग राणा ग्रेट खली होऊन थेट अंडरटेकरसमोर उभा राहिला आणि पुढच्या वर्षी त्याने जागतिक विजेतेपदही घेतलं, तेव्हा गल्लीत ज्यांना यातलं काही कळत नव्हतं ती माणसंही टीव्हीपुढे बसली.

मग गळती लागली. कुणी "खोटं आहे" कळल्यावर सोडलं. खरं तर १९८९ सालीच व्हिन्स मॅकमहन यांच्या कंपनीने, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफनेच, न्यू जर्सीच्या सिनेटसमोर सांगून टाकलं होतं, की हा खेळ नाही, करमणूक आहे. सरकारी क्रीडा नियमांतून सुटण्यासाठी त्यांना तसं म्हणावंच लागलं. म्हणजे आपल्या घरात डिश येण्याआधीच गुपित फुटलेलं होतं, आपल्यापर्यंत फक्त ते उशिरा पोचलं. २००७ साली ख्रिस बेन्वा या पैलवानाने बायको आणि मुलाचा जीव घेऊन आत्महत्या केली. त्यानंतर मन उडालेल्यांना परत या म्हणायचं धाडस माझ्याच्याने होत नाही. २००८ पासून कार्यक्रम लहान मुलांच्या मापाचा केला गेला, आणि त्याच वर्षी आयपीएल आली. शेवटचा घाव ६ एप्रिल २०१४ चा. रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या सोहळ्यात, २१ वेळा लढून २१ वेळा जिंकलेल्या अंडरटेकरला ब्रॉक लेस्नरने हरवलं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी त्या दिवसापासून परत कधी बघितलंच नाही. २०१७ साली भारतीय वंशाच्या जिंदर महालला विजेता करून कंपनीने भारतीय प्रेक्षक ओढायचा प्रयत्न केला, पण त्या कथेला खोली नव्हती आणि फारसं कुणी फिरकलं नाही.

यांतलं "खोटं" हे कारण मला सगळ्यांत कमकुवत वाटतं, आणि मराठवाड्यातल्या माणसाने तर ते देऊच नये. एकनाथांचं पैठण आपलं आहे. भारुडात लुगडं नेसून उभा राहिलेला गडी गावातलाच कुणीतरी आहे, हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं, तरी त्याच्या बोलण्यावर माणसं हसतात आणि डोळेही पुसतात. सोंग आहे म्हणून कुणी उठून जात नाही. सोंग नीट वठलं नाही तर जातात.

शिवाय ठरलेला असतो तो निकाल. पडणं खरंच असतं. रिंगणाखाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि ताणलेलं कापड, बस्स. पडताना हनुवटी छातीला लावायची, पाठीचा वरचा भाग सपाट टेकवायचा आणि दोन्ही तळहात आपटून भार वाटून द्यायचा. उचलणाऱ्याचं काम समोरच्याची मान सांभाळायचं. यात जरा चूक झाली की माणूस जन्माचा अधू होतो. १९९८ साली मॅनकाइंड नावाचा पैलवान पोलादी पिंजऱ्याच्या छतावरून, साधारण १६ फुटांवरून खाली टेबलावर पडला, आणि उठून पुन्हा वर चढला. १९९९ साली ओवेन हार्टला छतावरून दोरीने खाली सोडताना बंद सुटला आणि तो गेला. ५ जून २०२२ ला कोडी रोड्स छातीचा स्नायू तुटलेला असताना पिंजऱ्यातल्या लढतीला उतरला. त्याने जाकीट काढलं तेव्हा उजवी छाती आणि दंड काळेनिळे पडलेले होते, आणि हजारो लोकांचा आवाज क्षणभर बसला. त्या अवस्थेत त्याने वीस मिनिटांहून जास्त वेळ झुंज दिली. तालमीत घाम गाळलेल्या कुणालाही मी ती लढत दाखवायला तयार आहे.

आता काय बदललं ते सांगतो. बायकांच्या लढती पूर्वी पाणी प्यायला उठायची वेळ समजल्या जायच्या. २०१९ साली रेसलमेनियाची शेवटची, म्हणजे मानाची लढत बेकी लिंच, शार्लट फ्लेअर आणि राँडा राउझी यांनी केली. त्याच वर्षी एईडब्ल्यू ही दुसरी मोठी कंपनी उभी राहिली, त्यामुळे पैलवानांना जायला दुसरं दार मिळालं आणि जुन्या कंपनीला सैल राहणं परवडेना. व्हिन्स मॅकमहन २०२२ मध्ये पायउतार झाले, मध्येच परतले, आणि एका माजी कर्मचारी महिलेने लैंगिक शोषणाचा दावा दाखल केल्यावर जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण बाहेर पडले. ते हे आरोप नाकारतात. कथा ठरवायचं काम ट्रिपल एचकडे आलं. आपल्या लहानपणीचा, हातोडा घेऊन यायचा तोच.

आणि कथा लांबपल्ल्याच्या झाल्या. रोमन रेन्स ऑगस्ट २०२० मध्ये विजेता झाला आणि १,३१६ दिवस तसाच राहिला. भाऊबंद त्याच्या दावणीला, तो घरचा कारभारी, आणि प्रत्येकाकडून निष्ठेचा पुरावा मागणारा. या भावकीत सॅमी झायन नावाचा परका गडी शिरतो. आधी सगळे त्याला हसतात, मग तो हळूहळू घरातला होतो, इतका की भावकीसाठी स्वतःच्या जुन्या दोस्तावर, केव्हिन ओवेन्सवर हात टाकतो. २८ जानेवारी २०२३ ला ओवेन्सला दोरांना बेड्यांनी जखडून बडवलं जातं आणि रोमन झायनच्या हातात खुर्ची देतो: मार याला. झायन खुर्ची उचलतो, ओवेन्सकडे बघतो, रोमनकडे बघतो, आणि खुर्ची रोमनच्या पाठीत घालतो. वाडा, वाटणी आणि भावकी बघत वाढलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. तीन आठवड्यांनी झायनच्याच मॉन्ट्रियलमध्ये त्याची रोमनशी लढत झाली. तो हरला, आणि त्या हरण्याने मला अंडरटेकरच्या हरण्याइतकंच हलवलं. १ एप्रिलला रेसलमेनियात झायन आणि ओवेन्स जोडीने उभे राहिले, आणि यावेळी जिंकले.

ज्यांचा जीव मातीतल्या कुस्तीवर आहे त्यांनी मात्र सुरुवात गुंथरपासून करावी. हा गडी भाषण कमी करतो, उगाच उड्या मारत नाही, पकड घातली की सोडत नाही. ३ सप्टेंबर २०२२ ला कार्डिफमध्ये आयर्लंडच्या शेमसशी त्याची लढत झाली, तीत दोघांच्या छात्या उघड्या हाताच्या फटक्यांनी लालभडक झाल्या. त्यानंतर कोडी रोड्सचा प्रवास बघा. त्याच्या वडिलांना, डस्टी रोड्सना, डब्ल्यूडब्ल्यूईचा मुख्य किताब कधीच मिळाला नाही. २०२३ ला हाताशी येऊन तो निसटला आणि ७ एप्रिल २०२४ ला अखेर कोडीने रोमनकडून घेतला.

१ एप्रिल २०२५ पासून डब्ल्यूडब्ल्यूईचं हे सगळं भारतात नेटफ्लिक्सवर आहे. 'रॉ' हा आठवड्याचा कार्यक्रम अमेरिकेत सोमवारी रात्री होतो, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी सकाळी, उन्हाळ्यात साधारण साडेपाचला आणि हिवाळ्यात साधारण साडेसहाला. पण दर आठवड्याचा कार्यक्रम पहिल्याच दिवशी लावू नका, त्यात भरताड पुष्कळ असते आणि नवी नावं कळत नाहीत. आधी कार्डिफची ती एक लढत, मग जानेवारी २०२३ पासून एप्रिलपर्यंतचा झायनचा प्रवास, एवढंच बघा. मॉन्ट्रियलच्या लढतीला एकटे बसू नका. घरात कुणी जुना कुस्तीवाला असेल तर त्यालाही हाक मारा, आणि नुराकुस्ती म्हणून तो मध्येच उठतो का, तेही बघा.