पुण्यात घरून केटरिंग सुरू करताय? कुठला कागद आधी काढायचा ते वाचा

सोसायटीत चार जणांना आपल्या पुरणपोळ्या आवडतात, मग डबे सुरू होतात, आणि एक दिवस कोणीतरी म्हणतं ऑफिसच्या कार्यक्रमाला पन्नास पानं कराल का, फक्त बिल लागेल आणि बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचा, नंबर पाहिजे. आमच्या वहिनीचं सहकारनगरमध्ये अगदी असंच झालं. तिचे सगळे अर्ज मीच बसून भरले, म्हणून लिहितोय.

साईट उघडायच्या आधी वही घ्या आणि वर्षाची उलाढाल काढा. उलाढाल म्हणतोय, नफा नाही, इथेच बहुतेकांची गल्लत होते. वहिनीचा हिशोब असा होता: रोज 40 डबे, 80 रुपयाला एक, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे महिन्याला 83,200 आणि वर्षाला 9,98,400. आम्ही 2024 मध्ये अर्ज केला तेव्हा 12 लाखांपर्यंत एफएसएसएआयचं नुसतं रजिस्ट्रेशन लागायचं, फी वर्षाला 100 रुपये, त्यामुळे ती आरामात बसत होती. पण महिन्याला शंभर पानांच्या दोन ऑर्डरी 250 रुपये पानाने धरल्या की वर्षाचे आणखी 6 लाख होतात आणि आकडा जातो 16 लाखांच्या घरात, मग तेव्हा रजिस्ट्रेशन चालत नव्हतं, स्टेट लायसन काढावं लागायचं, त्याची फी वर्षाला 2000 होती. या मर्यादा आणि फी सरकार बदलतं, त्यामुळे माझ्या आकड्यांवर जाऊ नका, भरायच्या दिवशी फॉस्कॉसवर, म्हणजे एफएसएसएआयच्या पोर्टलवर, बघून घ्या. हिशोब मात्र आधीच करा.

अर्ज फॉस्कॉसवरच होतो आणि आपल्याकडे तो तपासतं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे लोक ज्याला एफडीए म्हणतात ते. महापालिकेत जाऊन खेटे घालू नका. रजिस्ट्रेशनसाठी आम्ही फोटो, आधार आणि जागेचा पुरावा म्हणून वीजबिल लावलं. व्यवसायाचा प्रकार निवडताना घाई करू नका, घरून डबे देणं वेगळं आणि केटरर वेगळा, दोन्ही करणार असाल तर दोन्ही टाका.

आता आमचं कुठे अडलं ते सांगतो. महावितरणचं बिल अण्णांच्या म्हणजे वहिनीच्या सासऱ्यांच्या नावावर, वहिनीच्या आधारवर माहेरचा सातारचा पत्ता, आणि अर्जात मी टाकलं 'फ्लॅट 7' तर बिलावर 'सदनिका क्र. 7, दुसरा मजला'. अर्ज परत आला. मग आधारवरचा पत्ता बदलला, अण्णांकडून साध्या कागदावर संमतीपत्र घेतलं की माझ्या जागेत सुनेने हा व्यवसाय करायला माझी हरकत नाही, आणि पत्ता बिलावर आहे तस्सा, स्वल्पविरामासकट टाइप केला. झालं काम. भाड्याच्या घरात असाल तर भाडेकरार आणि घरमालकाचं असंच पत्र आधीच तयार ठेवा. मधल्या काळात एका एजंटने याच कामाचे तीन हजार सांगितले होते, 100 रुपये फीच्या कामाचे! म्हणजे बघा.

स्टेट लायसनला कागद वाढतात: किचनचा नकाशा, भांडीकुंडी आणि मशिनरीची यादी, अन्नसुरक्षेचा प्लॅन आणि पाण्याचा तपासणी रिपोर्ट. पाण्याचं हलक्यात घेऊ नका, आपल्याकडे उन्हाळ्यात निम्म्या सोसायट्या टँकरवर असतात आणि टाकीत सगळं एकत्र होतं, त्यामुळे नमुना किचनच्या नळाचा घ्या. स्वयंपाक करणाऱ्या आणि वाढणाऱ्या माणसांचं मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट दरवर्षी लागतं, त्यात टायफॉइडची लसही येते, त्यामुळे ऐनवेळी आचारी बदलला तर त्याचंही करून घ्या.

शॉप अ‍ॅक्टचं (दुकानं-आस्थापनांच्या कायद्याखालची नोंद) फार टेन्शन घेऊ नका. 2017 च्या कायद्याने, आम्ही केलं तेव्हा, दहापेक्षा कमी माणसं असतील तर नुसती सूचना द्यायची होती, ऑनलाइन, पावती मिळते आणि बँकेत करंट खातं उघडताना तीच कामी येते. मराठी पाटीचा फोटो मागतात, आम्ही सनबोर्डवर नाव छापून दाराला लावलं आणि काढला. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर होते, पूर्ण फुकट आहे, पैसे मागणारी साईट दिसली की समजा चुकीच्या ठिकाणी आलात. जीएसटी नंबर सेवा देणाऱ्याला 20 लाखांच्या उलाढालीनंतर लागतो, त्याआधी कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नका, नाहीतर पाच टक्के लावून ऑर्डर शेजारच्याकडे जाईल.

गॅसचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. घरातला 14.2 किलोचा लाल सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, 19 किलोचा कमर्शियल घ्या. 100 किलोपर्यंत एलपीजी ठेवायला वेगळं लायसन लागत नाही, म्हणजे पाच सिलिंडर, पण फ्लॅटमध्ये पाच ठेवू नका हो, दोन पुरतात. आणि सेक्रेटरींच्या कानावर आधीच घालून ठेवा, टेम्पो आला आणि मग त्यांना कळलं असं नको.

एफएसएसएआयचा नंबर 14 आकडी असतो, रजिस्ट्रेशनचा 2 ने सुरू होतो आणि लायसनचा 1 ने, आणि तो बिलावर छापावा लागतो. वहिनीने रजिस्ट्रेशन आल्या आल्या नारायण पेठेतून दहा बिलबुकं छापून आणली, आठ महिन्यांत मोठ्या ऑर्डरी सुरू झाल्या, लायसन काढलं, नंबर बदलला. सहा बुकं अजून माळ्यावर आहेत, अण्णा मागच्या कोऱ्या बाजूला दुधाचा हिशोब लिहितात.