फिटच्या गोळीचा भाव कुणी ठरवला? सोलापुरातून पाहिलेली पार्श्वभूमी

दिवसाला दोन गोळ्या म्हणजे वर्षाला 730 गोळ्या. गोळीमागे एक रुपया वाढला की घराचा वर्षाचा खर्च 730 रुपयांनी वाढतो, आणि मिरगीच्या बऱ्याच रुग्णांना तीन-चार गोळ्या, त्याही दोन वेगवेगळ्या औषधांच्या, चालू असतात. तापाचं औषध पाच दिवसांत संपतं. फिटचं औषध निदान दोन-तीन वर्षं आणि अनेकांना आयुष्यभर घ्यावं लागतं. या आजारात औषधाच्या किमतीला एवढं महत्त्व आहे ते यामुळे.

सोलापुरात हा खर्च ज्या घरांवर पडतो त्यांतली पुष्कळशी बिडी वळणाऱ्या बायकांची आणि यंत्रमागावर काम करणाऱ्यांची आहेत. हातात पैसा येतो तो हप्त्याहप्त्यानं. त्यामुळे महिन्याच्या सहा पट्ट्या एकदम घेणं जमत नाही. मेडिकलवाला कात्रीनं पट्टी कापून चार गोळ्या देतो, आणि त्या कापलेल्या तुकड्यावर बहुतेक वेळा ना किंमत असते, ना मुदतीची तारीख. ती छापलेली बाजू दुकानातल्या उरलेल्या पट्टीवर राहते. चार गोळ्या संपल्या आणि पगार दोन दिवस लांबला, तर तेवढे दिवस गोळी बंद. मिरगीत गोळी अशी अचानक बंद होणं धोक्याचं असतं. काबूत असलेली फिट उलटते, कधी थांबतच नाही, आणि रुग्ण आयसीयूत जातो. वाचवलेल्या पन्नास रुपयांच्या मागे हजारोंचं बिल येतं.

खरं तर या आजारावरची जुनी औषधं फार स्वस्त आहेत. 1857 मध्ये लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइडचा उपयोग सांगितला. 1912 मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरची राहण्याची खोली मिरगीच्या रुग्णांच्या वॉर्डाजवळ होती. रात्री रुग्ण पलंगावरून पडत आणि त्याची झोप मोडे. रुग्णांनी शांत झोपावं म्हणून त्यानं फिनोबार्बिटोन दिलं, तर त्यांच्या फिटच कमी झाल्या. जुन्या लोकांना ठाऊक असलेली गार्डिनाल ती हीच. 1938 मध्ये बोस्टनच्या मेरिट आणि पटनम यांनी फेनिटोइन पुढे आणलं. पुढच्या तीस वर्षांत कार्बामॅझेपिन आणि व्हॅलप्रोएट आली. फिनोबार्बिटोनचा वर्षभराचा उपचार पाच डॉलरांपर्यंत होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. औषध नीट मिळालं तर दहापैकी सात जणांच्या फिट थांबू शकतात, हेही तीच सांगते.

मग महागड्या गोळीच्या मागे लागायचंच कशाला, असं कुणी विचारतं तेव्हा मला राग येतो. जुन्या गोळ्या स्वस्त आहेत, पण त्या प्रत्येकाला चालत नाहीत. फिनोबार्बिटोननं सुस्ती येते, शाळेतल्या मुलाचं लक्ष लागत नाही. शिवाय ती अंमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत असल्यानं अनेक दुकानदार ती ठेवायला तयार नसतात. फेनिटोइननं हिरड्या सुजतात आणि त्याचा डोस थोडा इकडेतिकडे झाला तरी तोल जातो. व्हॅलप्रोएटचं दुखणं सर्वांत मोठं: गरोदरपणी ते पोटात गेलं तर बाळाच्या मणक्यात आणि बुद्धीच्या वाढीत दोष राहण्याचा धोका बराच वाढतो. विशीतल्या, लग्नाच्या वयाच्या मुलीला डॉक्टर लेव्हेटिरासिटॅम किंवा लॅमोट्रिजिन लिहून देतात ते याच कारणानं. त्या मुलीची महाग गोळी ही गरज असते, चैन नव्हे.

लग्नाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. 1999 च्या दुरुस्तीपर्यंत हिंदू विवाह कायद्यात वारंवार फिट येणं हे लग्न रद्द करून घेण्याचं कारण ठरू शकत होतं. ती अट कायद्यातून गेली, घरांतून गेली नाही. मुलीची गोळी ओळखीच्या मेडिकलमधून न घेता दुसऱ्या पेठेतून आणणारी घरं आजही आहेत. लपवून घेतलेल्या औषधाची पावतीही कुणी मागत नाही, आणि भाव दोन ठिकाणी विचारून घेण्याचा तर प्रश्नच येत नाही.

आता भावाकडे वळू. स्वातंत्र्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं आपल्याकडे इंग्रजांच्या काळातला 1911 चा पेटंट कायदा चालू होता. पेटंट म्हणजे औषध बनवण्या-विकण्याचा एकाच कंपनीला मिळणारा हक्क. औषधांच्या मक्तेदारीची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या केफॉवर समितीनं, काही औषधांच्या किमती भारतात जगातल्या सर्वांत चढ्या किमतींमध्ये मोडतात, असं नोंदवलं होतं. गरीब देशात औषध महाग असण्याचं कारण पेटंटमध्ये आहे, हे न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी 1959 च्या अहवालात सविस्तर मांडलं. त्यातून 1970 चा पेटंट कायदा आला आणि 1972 मध्ये तो लागू झाला. औषधाच्या रेणूवर, म्हणजे खुद्द औषधावर, पेटंट मिळणार नाही, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळेल, तेही थोड्या वर्षांसाठी, असं त्यात ठरलं. आपल्या कंपन्यांनी वेगळ्या पद्धतीनं तीच औषधं बनवायला सुरुवात केली. जगाला आज भारतातून स्वस्त औषधं मिळतात ती या एका तरतुदीच्या पायावर.

लेव्हेटिरासिटॅमला याचा थेट फायदा झाला. बेल्जियमच्या यूसीबी कंपनीचं हे औषध अमेरिकेत 1999 मध्ये मंजूर झालं आणि 2008 पर्यंत तिथं ते एकाच कंपनीच्या हातात होतं. आपल्याकडे त्याच्या बऱ्याच आधी अनेक कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या होत्या. 1 जानेवारी 2005 पासून जागतिक व्यापार कराराखाली रेणूवरचं पेटंट पुन्हा सुरू झालं, पण लेव्हेटिरासिटॅमचा शोध त्या कराराच्या मुदतीआधीचा असल्यानं ते निसटलं.

त्याचं धाकटं भावंड मात्र पेटंटच्या तावडीत सापडलं. ब्रिव्हॅरासिटॅम हे त्याच कंपनीचं, मेंदूतल्या त्याच जागी काम करणारं औषध. लेव्हेटिरासिटॅमनं चिडचिड फार वाढली की डॉक्टर याच्याकडे वळतात. त्याचा पेटंट अर्ज 2001 चा होता. म्हणून फेब्रुवारी 2021 पर्यंत दुसऱ्या कुणाला ते भारतात विकता आलं नाही. मुदत संपताच सन, ग्लेनमार्क, सिप्ला, ल्युपिन अशा कंपन्यांनी लगोलग आपापल्या गोळ्या आणल्या आणि भाव खाली आला. औषध तेच, कारखान्यातला खर्च तोच, फक्त कागदावरची एक तारीख उलटली. महाग औषध महाग का असतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं शोधायला नको.

पेटंट नसतानाही भाव चढा राहू शकतो. म्हणून सरकारनं 1970 मध्ये औषध किंमत नियंत्रण आदेश काढला. 1974 मध्ये नेमलेल्या हाथी समितीच्या अहवालानंतर 1979 मध्ये 347 मूळ औषधं नियंत्रणाखाली आली. 1987 मध्ये ती 142 वर आणली, 1995 मध्ये 74 वर. नियंत्रण असं पातळ होत असताना ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क आणि बडोद्याची लोकॉस्ट यांसारख्या संस्था 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अत्यावश्यक औषधांना नियंत्रणातून सुटू देऊ नका, अशी त्यांची मागणी होती. दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2013 चा आदेश आला आणि अत्यावश्यक औषधांची अख्खी राष्ट्रीय यादीच त्याच्या कक्षेत आली.

पण या आदेशात हिशोबाची रीतच बदलली. 1995 च्या आदेशापर्यंत औषध बनवायला किती खर्च येतो ते पाहून त्यावर ठरावीक टक्के धरून किंमत काढत. 2013 पासून बाजारात ज्या ब्रँडचा वाटा एक टक्का किंवा जास्त आहे त्यांच्या किमतींची सरासरी काढतात आणि त्यात दुकानदाराचे 16 टक्के मिळवतात. म्हणजे सगळेच महाग विकत असतील तर सरासरीही महागच निघणार. फार वरचे ब्रँड खाली आले हे मान्य, पण सरकारी टेंडरला त्याच गोळ्या ज्या भावानं मिळतात तो पाहिला की ही कमाल किंमत किती ढिली आहे ते कळतं. फेनिटोइन, कार्बामॅझेपिन, व्हॅलप्रोएट यादीत आधीपासून होती. लेव्हेटिरासिटॅम 2015 च्या यादीत आलं. यादीत औषधाबरोबर त्याची ताकद (किती मिलिग्रॅम) आणि रूपही (गोळी की इंजेक्शन) लिहिलेलं असतं. त्याबाहेरच्या ताकदीला किंवा दोन औषधं एकत्र असलेल्या गोळीला ही मर्यादा लागत नाही, तिचा भाव कंपनी वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. यादीतल्या औषधांनाही घाऊक महागाईप्रमाणे वाढ मिळते. 2022 मध्ये ती जवळपास 10.8 टक्के होती आणि 2023 मध्ये 12.1 टक्के. एवढी पगारवाढ त्या दोन वर्षांत सोलापूरच्या कुठल्या माग कामगाराला मिळाली?

डॉक्टरांनी ब्रँडऐवजी जेनेरिक, म्हणजे मूळ औषधाच्या, नावानं लिहावं, हा नियम मेडिकल कौन्सिलनं 2016 मध्ये केला. कौन्सिलच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगानं ऑगस्ट 2023 मध्ये तो कडक केला आणि त्याच महिन्यात स्थगितही केला. मिरगीचे डॉक्टर कंपनी बदलायला कचरतात, त्याला जुना आधार आहे. 1968 च्या सुमाराला ऑस्ट्रेलियात फेनिटोइनच्या कॅप्सूलमधला फक्त भरणीचा पदार्थ बदलला, कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज घातलं, आणि औषध रक्तात जास्त उतरून ब्रिस्बेनमधल्या अनेक रुग्णांना बाधा झाली. फेनिटोइनच्या बाबतीत ही भीती रास्तच. म्हणून ती सगळ्याच गोळ्यांना लावायचं कारण नाही: अमेरिकेत लॅमोट्रिजिनची वेगवेगळ्या कंपन्यांची जेनेरिक अदलाबदल करून तपासली, तेव्हा रक्तातल्या प्रमाणात फरक पडला नाही. आपल्याकडे रक्तात नीट न उतरणाऱ्या गटातल्या औषधांना ही समतुल्यतेची चाचणी 2017 मध्ये सक्तीची झाली.

दुकानात मात्र दुसरीच अडचण. 'मावशी, सॉल्ट (म्हणजे मूळ औषध) तेच आहे, कंपनी वेगळी' असं म्हणून जी पट्टी पुढे येते ती पुष्कळदा प्रोपगंडा कंपनीची, म्हणजे दुसऱ्याकडून गोळ्या बनवून घेऊन आपल्या नावानं विकणाऱ्या छोट्या कंपनीची, असते. दुकानदाराला ती फार स्वस्त पडते, पण तिच्यावरची एमआरपी मोठ्या ब्रँडच्या आसपासच छापलेली असते. स्वस्ताई आहे, ती काउंटरच्या आतल्या बाजूला राहते. जनऔषधी केंद्रांचं महत्त्व इथं आहे. ही योजना 2008 मध्ये सुरू झाली, कित्येक वर्षं रखडली, आणि 2015 नंतर पसरली. तिथं छापील किंमतच कमी असते. फक्त केंद्रात दर महिन्याला तीच गोळी, तीच ताकद हजर असायला हवी, कारण मिरगीच्या रुग्णाला 'पुढच्या आठवड्यात या' हे उत्तर चालत नाही.

सरकारी योजनांत सोलापूर कधी मागे नव्हतं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 ला पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. पुढे तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं आणि मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. पण ती दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. फिट न थांबता रुग्ण अतिदक्षता विभागात गेला तर योजना लागू होऊ शकते, ती फिट टाळणाऱ्या रोजच्या गोळीला लागू होत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्यानं उपचार मोफत केले, तेही सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत. सोलापूरचं सिव्हिल हे वैशंपायन मेडिकल कॉलेजचं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाच्या हाताखालचं, म्हणून त्या निर्णयाच्या बाहेर राहिलं.

22 सप्टेंबर 2025 पासून औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. दीड हजार रुपयांच्या मासिक औषधात त्यानं साधारण 90 रुपये वाचायला हवेत. ते वाचले की नाही हे पाहायला पावती लागते, आणि यादीतल्या औषधाची कमाल किंमत किती ते औषधांच्या कमाल किमती ठरवणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणाच्या 'फार्मा सही दाम' या ॲपवर पाहता येतं. दाखल न होता घरी घ्यायच्या मिरगीच्या गोळ्या महात्मा फुले योजनेत अजून आलेल्या नाहीत.