पोरगं हट्टी झालं कसं?

'आमचं पोरगं जात्याच हट्टी आहे हो' हे वाक्य पुण्यात कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऐकायला मिळतं. थोडंफार जात्याच असेलही, पण बराचसा हट्ट घरच्यांनीच शिकवलेला असतो. कोथरूडमधल्या एखाद्या सुपरमार्केटात रविवारी संध्याकाळी बिलाच्या लायनीत उभं राहून बघा. पोरगं चॉकलेट मागतं, आई नाही म्हणते, परत मागतं, परत नाही, मग भोकाड पसरतं, मागचे लोक बघायला लागतात आणि आई 'घे बाबा एकदाचं' म्हणून मोकळी होते. शिकलं कोण? दोघंही. पोराला कळलं की रडलं की मिळतं, आईला कळलं की दिलं की रडं थांबतं. त्रास थांबतो म्हणून वागणं पक्कं होतं त्याला निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट म्हणतात, लोक त्यालाच शिक्षा समजतात, पण शिक्षेने वागणं कमी होतं, इथे तर आईचं देणं वाढलं.

आता खरी गंमत. बी. एफ. स्किनर हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ उंदरांना दांडी दाबायला शिकवायचा, दाबली की खाण्याची गोळी. या गोळ्या तो स्वतःच बनवायचा. एका शनिवारी दुपारी बघतो तर साठा सोमवारी सकाळीच संपणार. गोळ्या करत बसायचा कंटाळा, म्हणून त्याने ठरवलं की मिनिटाला एकच गोळी द्यायची, मधे कितीही दाबू देत. उंदीर दाबतच राहिले! पुढे १९५७ मध्ये फर्स्टर आणि स्किनरने बक्षीस कधी आणि कितीदा द्यायचं याच्या वेळापत्रकांवर जाडजूड ग्रंथ लिहिला.

दर वेळी बक्षीस मिळणारी सवय बक्षीस बंद झालं की लवकर सुटते, अधूनमधून मिळणारी सुटता सुटत नाही. का? दिव्याचं बटण एकदा दाबून दिवा लागला नाही की आपण लाइट गेली म्हणतो आणि सोडून देतो, पण जुन्या स्कूटरला पंधरा किका मारल्या तरी सोळावी मारतोच, कारण ती कधीच पहिल्या किकेला सुरू झालेली नसते. म्हणजे बक्षीस आधीपासूनच बेभरवशाचं असेल तर ते 'बंद झालंय' हे कळायलाच वेळ लागतो. सहा वेळा नाही आणि सातव्यांदा हो म्हणणारे आईबाप नेमकं हेच करतात. आणि ठामपणे बंद केलं तर सुरुवातीला कधीकधी हट्ट आणखी वाढतो, याला एक्स्टिंक्शन बर्स्ट म्हणतात, बरेच लोक तिथेच हार मानतात, म्हणजे पोरगं आता आणखी जोरात ओरडायला शिकलं.

१९४८ मध्ये स्किनरने कबुतरांना, ती काहीही करोत, ठरावीक वेळाने दाणे दिले. आठपैकी सहा कबुतरं काहीतरी विचित्र करायला लागली, एक गोल फिरायचं, एक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसायचं. दाणे येण्याच्या जरा आधी जे घडलं तेच पक्कं झालं, असं त्याचं म्हणणं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधली लकी खुर्ची, लकी पेन आणि ती ग्रहांची अंगठी आठवली ना? १९७१ मध्ये स्टॅडन आणि सिमेलहॅग यांनी हाच प्रयोग परत करून बारकाईने पाहिलं, तर दाण्याची वेळ जवळ आली की कबुतरं साधारण सारखंच वागायची, चोची मारायची, बाकीचे चाळे मधल्या रिकाम्या वेळातले. त्यामुळे कबुतराला अंधश्रद्धाळू म्हणायचं का यावर वाद आहे. अंगठीवाल्याबद्दल मात्र काही वाद नाही, शंभर जणांना विकली की एखाददुसरा पास होणारच आणि तो गावभर सांगत सुटतो, उरलेले कशाला सांगतायत.