हर-२ जनुक

मानवी अधिचर्मी वृद्धिघटकाच्या ग्राहीकुलातील दुसऱ्या ग्राहीचे (पेशीवर बसून बाहेरचा संकेत आत पोहोचविणाऱ्या प्रथिनाचे) जनुक. संकेतनाम ईआरबीबी-२. ते १७ व्या गुणसूत्राच्या दीर्घ भुजेवर असते. त्याचे प्रथिन १,२५५ ॲमिनो अम्लांचे, सु. १८५ किलोडाल्टन वजनाचे असून पेशीपटलात आरपार बसलेले असते.

तीन नावांमुळे जुन्या ग्रंथांत गोंधळ आढळतो. रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत १९८०–८४ च्या सुमारास घुशीवर्गीय प्राण्यांत रसायनाने उत्पन्न केलेल्या चेता-अर्बुदांतून (चेतासंस्थेतील गाठींतून) एक कर्कजनुक (कर्करोग घडवू शकणारे जनुक) मिळाले; त्याला ‘न्यू’ म्हटले गेले. १९८५ मध्ये जपानी गटाने मानवी जनुक वेगळे केले व कोंबड्यांतील एका विषाणूच्या जनुकाशी असलेल्या साम्यावरून त्यास सी-ईआरबीबी-२ म्हटले. त्याच वर्षी जेनेन्टेक कंपनीच्या गटाने ‘हर-२’ हे नाव दिले. पुढे ही सर्व एकाच जनुकाची रूपे ठरली. तरीही मानवी कर्करोगासंबंधी ‘न्यू’ हे नाव टाळणे बरे. प्राण्यातील ‘न्यू’मध्ये एकच ॲमिनो अम्ल बदलल्याने ग्राही सतत चेतलेला राहतो, मानवी स्तन-अर्बुदांत असा बदल सहसा नसतो, तर मूळ जनुकाच्याच प्रती वाढतात. ही प्रतवाढ (जनुकाच्या प्रतींची वाढ) स्टुअर्ट आरनसन यांच्या गटाला १९८५ मध्येच एका अर्बुदात दिसली होती.

या ग्राहीला स्वतःचा बंधद (ग्राहीला जोडून त्याला चेतविणारा रेणू) ज्ञात नाही. तो कुलातील इतर ग्राहींशी, विशेषतः हर-३ शी, जोडी जमवतो आणि पेशीला विभाजनाचा संदेश देतो. प्रती वाढल्या की पटलावर ग्राहींची गर्दी होते व बाहेरून संकेत नसतानाही विभाजन चालू राहते.

डेनिस स्लेमन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये १८९ स्तन-अर्बुदे तपासली. सु. ३०% अर्बुदांत प्रतवाढ आढळली व अशा रुग्णांत रोग लवकर उलटत असल्याचे दिसले. आज हे प्रमाण साधारण १५ ते २०% धरतात. अर्बुदाचे रंजन करून (ग्राही दिसावेत म्हणून ऊतक रंगवून) ग्राहींच्या प्रमाणानुसार ० ते ३+ अशी श्रेणी देतात. २+ आल्यास जनुकाच्या प्रती मोजणे आवश्यक ठरते. ३+ म्हणजे रुग्णालयातील भाषेत ‘हर-टू पॉझिटिव्ह’.

ट्रॅस्टुझुमॅब या हर-२ ग्राहीला रोखणाऱ्या प्रतिपिंडाला (औषध म्हणून वापरायच्या प्रथिनाला) अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली आणि अत्यंत आक्रमक समजल्या जाणाऱ्या स्तनकर्करोगाच्या या प्रकाराचे भवितव्य पालटले. हृद्स्नायूलाही हा ग्राही लागतो. म्हणून उपचारापूर्वी व उपचार चालू असताना हृदयाची तपासणी करावी लागते. जठराच्या काही अर्बुदांतही प्रतवाढ आढळते. फुप्फुसात मात्र उत्परिवर्तने अधिक महत्त्वाची असतात.