दोन अंशांचं कोडं

बीजिंगच्या राजवाड्याचा नकाशा पाहिला की आधी डोळ्यांत भरते ती सरळ रेघ. दक्षिणेच्या योंगडिंग दरवाज्यापासून उत्तरेच्या घंटाघरापर्यंत ७.८ किलोमीटर लांबीचा हा अक्ष, आणि सम्राटाचं सिंहासन नेमकं त्याच्यावर. ही रेघ अचूक उत्तर-दक्षिण आहे असंच पिढ्यानपिढ्या धरून चालले होते. अलीकडच्या काळात बारकाईनं मोजल्यावर कळलं की तिचं उत्तरेकडचं टोक पश्चिमेला दोन अंशांहून थोडं अधिक झुकलेलं आहे. कोन किरकोळ वाटतो, पण एवढ्या लांबीत तो जवळजवळ ३०० मीटरचा फरक पाडतो.

दुसऱ्या एखाद्या शहरात हे सहज सोडून देता आलं असतं, इथं नाही. ज्याला जग फॉरबिडन सिटी म्हणतं त्या वाड्याच्या चिनी नावात ‘जांभळी’ असा शब्द आहे. वाड्याच्या भिंती लाल, कौलं पिवळी. जांभळा आहे तो आकाशातला. ध्रुवाभोवतीच्या तारकांच्या कोंडाळ्याला चिनी ज्योतिर्विद ‘जांभळं आवार’ म्हणत. सगळं आकाश ज्याच्याभोवती फिरतं ते स्वर्गसम्राटाचं घर, आणि पृथ्वीवरच्या सम्राटाचं घर ही त्याची प्रतिमा. ध्रुवाशी नातं सांगणाऱ्या वाड्याची रेघच ध्रुवाला चुकावी, हे मला या वास्तूतलं सगळ्यात मोठं कोडं वाटतं.

उत्तर दिशा शोधता येत नव्हती, असंही म्हणता येत नाही. ‘काओगोंगजी’ या प्राचीन चिनी ग्रंथात नगर आखण्याची रीत दिली आहे: काठी रोवा, भोवती वर्तुळ काढा, सूर्योदयाची आणि सूर्यास्ताची सावली खुणा करून ठेवा, माध्यान्हीच्या सावलीशी ताडा आणि रात्री ध्रुवाकडे पाहून खात्री करा. यज्ञवेदी आखण्याच्या आपल्या शुल्बसूत्रांतला शंकू, म्हणजे खुंटी, रोवून दिशा काढण्याचा विधी आठवावा, इतकी ही रीत त्याच्या जवळची आहे.

बहुतेक अभ्यासकांच्या मते ही रेघ मिंग घराण्याच्या सम्राटांनी आखलेली नाही. त्यांचा राजवाडा १४०६ ते १४२० या काळात उभा राहिला. रेघ त्याआधीची, याच जागी वसलेल्या, मंगोल सम्राट कुब्लाई खानाच्या दादू या राजधानीची. तिचं काम १२६७ साली सुरू झालं आणि आखणी ल्यू बिंगझोंग याची. त्याचाच शिष्य गुओ शोउजिंग हा त्या काळातला अव्वल खगोलज्ञ. १२८१ साली लागू झालेल्या त्याच्या पंचांगात वर्ष ३६५.२४२५ दिवसांचं आहे, म्हणजे तीनशे वर्षांनी युरोपात आलेल्या ग्रेगोरियन पंचांगात आहे तितकंच. अशी माणसं हाताशी असताना दोन अंशांची चूक सहजासहजी होत नाही.

मग मुद्दाम केलं का? काहींच्या मते हो. ही रेघ उत्तरेला वाढवत नेली तर सुमारे २७० किलोमीटरवर कुब्लाईच्या उन्हाळी राजधानीच्या, शांगदूच्या, आसपास पोहोचते, आणि शांगदूची आखणीही ल्यू बिंगझोंगचीच. कल्पना मोहात पाडणारी आहे. पण एवढ्या अंतरावर कोनात अर्ध्या अंशाचा फरक पडला तरी रेघ दोन किलोमीटरहून जास्त सरकते, त्यामुळे ‘आसपास’ हा शब्द पुरावा म्हणून फारच सैल आहे. दुसरं उत्तर चुंबकसुईचं. सुई नेमकी दक्षिण न दाखवता किंचित पूर्वेला वळते, हे शेन को या चिनी विद्वानानं अकराव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. म्हणजे सुईचं उत्तर टोक पश्चिमेला कलतं, आणि रेघही त्याच बाजूला कललेली आहे! मात्र सुईचा हा कल, म्हणजे दिक्पात, शतकागणिक बदलतो, त्यामुळे आजचा आकडा घेऊन काहीच सिद्ध होत नाही. तरी दोन्हींत मला सुईचीच बाजू अधिक भक्कम वाटते.

अशा नियम मोडणाऱ्या जागा वाड्यात आणखीही आहेत. नऊ हा सम्राटाचा आकडा, म्हणून वाड्याच्या वेशींच्या दारांवर नऊ-नऊच्या नऊ ओळींत ८१ सोनेरी खिळे दिसतात. पूर्वेच्या दोंगह्वा दरवाज्यावर मात्र आठ ओळी, ७२ खिळे. सम अंक ‘यिन’चा, म्हणजे अंधाराच्या आणि मृत्यूच्या बाजूचा, आणि सम्राटाची शवपेटी या दारातून निघे म्हणून असं केलं, असं सांगतात. चिनी पंचतत्त्वांचा आधार घेणारंही एक स्पष्टीकरण आहे. एकमत नाही.

आगीच्या बाबतीत मात्र कारणं स्वच्छ दिसतात. १४२१ च्या नववर्षाला वाड्यात दरबार भरू लागला आणि चार महिन्यांच्या आत वीज पडून मुख्य तिन्ही दालनं जळाली. ती पुन्हा उभी राहायला १४४१ उजाडलं. लाकडी वाड्यात हे भय कायमचं वस्तीला आलं. १७७६ साली बांधलेल्या ग्रंथालयाची कौलं म्हणूनच पिवळी नाहीत, काळी आहेत. चिनी पंचतत्त्वांत काळा रंग पाण्याचा. आणि आढ्याच्या उतारावर बसवलेले प्राणी इतरत्र जास्तीत जास्त नऊ, पण मुख्य दालनावर दहा. दहावा वानरमुखी, पंख असलेला, हातात वज्र घेतलेला. वज्र बौद्ध धर्माबरोबर भारतातून तिकडे गेलं. अनेकांना या दहाव्यात विजेचा देव दिसतो. विजेनं पोळलेल्या घरानं विजेलाच राखणीला बसवावं, हे मला पटतं.

एक कोडं मात्र सुटलं आहे. वाड्यासाठी शंभर टनांहून जड दगड खाणीतून ७० किलोमीटर आणले कसे? १५५७ सालच्या एका दगडाची नोंद मिळाली: ९.५ मीटर लांब, सुमारे १२३ टन, हिवाळ्यात लाकडी घसरगाडीवरून २८ दिवसांत आणलेला. चाक हजारो वर्षं माहीत असूनही घसरगाडी का, याचं गणित २०१३ साली प्रसिद्ध झालं. कोरड्या जमिनीवर ती ओढायला १,५०० हून अधिक माणसं लागली असती. बर्फावर पाणी ओतलं की घर्षण इतकं उतरतं की पन्नासाच्या आत माणसं पुरतात. त्या पाण्यासाठी वाटेवर साधारण दर अर्ध्या किलोमीटरला एक विहीर खणली होती.