शोक व शोकसमुपदेशन

जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर माणसाच्या मनात, शरीरात आणि रोजच्या वागण्यात जे बदल होतात त्यांना एकत्रितपणे शोक म्हणतात. त्या काळात प्रशिक्षित व्यक्तीने संवादाच्या मार्गाने केलेले साहाय्य म्हणजे शोकसमुपदेशन. ‘शोक’ हा शब्द संस्कृत ‘शुच्’ धातूपासून आला असून त्या धातूत जळण्याचा, तापण्याचा अर्थ आहे. झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, छातीवर दडपण येणे, चिडचीड व अपराधीपणा ही शोकाची नेहमीची रूपे होत. फाटकाची कडी वाजली की गेलेले माणूसच आले असे क्षणभर वाटणे हेही सर्रास आढळते आणि ते वेडाचे लक्षण नव्हे.

शोकाच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ सामान्यतः सिग्मंड फ्रॉइड यांच्या १९१७ मधील निबंधापासून धरतात. गेलेल्या व्यक्तीत गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेणे हे शोकाचे कार्य, असे त्यांचे प्रतिपादन होते. तथापि १९२० मध्ये त्यांची कन्या सोफी वारली आणि १९२९ मधील एका पत्रात त्यांनीच अशी पोकळी पुरती भरून येत नाही हे मान्य केले. बॉस्टनमधील कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला १९४२ मध्ये लागलेल्या आगीनंतर मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडेमान यांनी मृतांच्या आप्तांना तपासून १९४४ मध्ये तीव्र शोकाच्या लक्षणांचे पद्धतशीर वर्णन केले. नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार या बहुश्रुत पाच अवस्था एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या, त्या मुळात मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संभाषणांवरून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. हा फरक विसरल्यामुळे ‘मला राग आलाच नाही, म्हणजे माझे काही चुकते आहे का’ अशी चिंता अनेकांना विनाकारण सोसावी लागते. मार्गारेट श्ट्रोबे व हेंक स्खुट यांचे १९९९ मधील द्विप्रक्रिया प्रतिमान अनुभवाला अधिक जवळचे वाटते: शोकग्रस्त माणूस कधी दुःखाकडे वळतो, कधी बँक, भाडे, मुलांची शाळा यांकडे, आणि हे हेलकावे स्वाभाविकच असतात. मृताशी असलेले नाते तोडावे लागत नाही, ते निराळ्या रूपात टिकते, हा विचारही १९९६ पासून रुजला आहे.

या विचाराचे एक जुने उदाहरण इंदूरच्या होळकर घराण्यात मिळते. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये आणि पुत्र मालेराव १७६७ मध्ये वारले. पुढे, सुमारे १७९१ मध्ये, विनवण्या करूनही कन्या मुक्ताबाई सती गेली. ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कम यांच्या वृत्तांतानुसार अहिल्याबाईंनी त्या वेळी आक्रोश केला, नंतर तीन दिवस अन्न घेतले नाही, शब्दही उच्चारला नाही, आणि पुढे गेलेल्यांचे स्मारक बांधण्यात त्यांना काहीसे समाधान लाभले. माल्कम यांचा ग्रंथ १८२३ चा, म्हणजे अहिल्याबाईंच्या निधनानंतर अठ्ठावीस वर्षांनी प्रसिद्ध झालेला असल्याने तो ऐकीव माहितीवर उभा आहे, हे ध्यानात ठेवावे. तरी त्यातील शोकाचा क्रम विश्वसनीय वाटतो. अहिल्याबाईंच्या धैर्याचा दाखला देऊन एखाद्या विधवेला ‘रडू नकोस’ असे सांगणे म्हणूनच त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे.

इंदूरच्या मराठी घरांत सुतक, दहावा, तेरावा व वर्षश्राद्ध यांच्या जोडीला माळव्यातील ‘उठावना’, म्हणजे मृत्यूनंतरची शोकसभा, हीही आली आहे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा ‘मुलीच्या लग्नाचे आम्ही पाहू’ असे कुणी मोठ्याने म्हणते; मनात राहून गेलेले बोलून टाकण्याची ही संधी मोलाची आहे. मात्र तेराव्यानंतर गोतावळा पांगतो आणि खरे एकटेपण तेव्हा सुरू होते.

समुपदेशनाची गरज प्रत्येकाला नसते. सरसकट सर्वांना ते देण्याचा लाभ अल्प असल्याचे संशोधन सांगते. आत्महत्या, अपघात वा अपत्याचा मृत्यू, एकाकीपण किंवा पूर्वीचा मानसिक आजार असल्यास ते अधिक उपयोगी पडते. समुपदेशक मृत्यूची हकीकत पुन्हापुन्हा, न घाईत, सांगू देतो. टाळलेल्या खोलीत किंवा न उघडलेल्या कपाटापाशी जाण्यास आधार देतो. आणि विल्यम वॉर्डन यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या व पुढे सुधारलेल्या चार कार्यांचा, म्हणजे वास्तव स्वीकारणे, वेदना अनुभवणे, बदललेल्या जगाशी जुळवून घेणे व मृताशी नवे नाते राखणे यांचा, बऱ्याचदा आधार घेतो. बाजारात व कचेरीत हिंदी बोलणाऱ्या इंदूरच्या वयस्कर माणसालाही आईविषयी बोलताना मराठीच सुचते, त्यामुळे समुपदेशकाची भाषा ही येथे गौण बाब मानता येत नाही.

दैनंदिन जीवन ठप्प करणारी मृताविषयीची तीव्र ओढ दीर्घकाळ टिकल्यास तिला दीर्घकालीन शोकविकार म्हणतात. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण किमान सहा महिने, तर अमेरिकी मानसोपचार संघटनेची २०२२ ची नियमावली प्रौढांसाठी बारा महिने धरते. यावर शोककेंद्रित मानसोपचार उपलब्ध आहेत. आत्महत्येचे विचार येत असल्यास मात्र महिने मोजत न बसता तत्काळ मदत घ्यावी; टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.