चित्रफाइल, टर्मिनल आणि सी : एका प्रॅक्टिकलची पार्श्वभूमी

नागपुरात सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना पॉइंटर आणि फाइल हे दोन धडे झाले की मी विद्यार्थ्यांना एक काम देतो : टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टंकून देण्याच्या पडद्यावर, प्रोग्रामचे नाव, एक पर्याय, आत येणारी फाइल आणि बाहेर जाणारी फाइल एवढे लिहिले की चित्र करडे, उलटे किंवा धूसर होऊन मिळाले पाहिजे. करडे करण्यापुरते हे काम खरोखर सोपे आहे. लाल, हिरवा आणि निळा यांच्या किमतींना अनुक्रमे 0.299, 0.587 आणि 0.114 ने गुणून बेरीज घेतली की झाले. घोडे अडते ते फाइल वाचण्यापाशी. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेचा 250 पिक्सेल रुंदीचा, बीएमपी प्रकारच्या फाइलीतला फोटो उलटवायला दिला की निम्म्या वर्गाच्या पडद्यावर बाग तिरकी होते आणि झाडांचे रंगही बदलतात. पिक्सेलला तीन बाइट याप्रमाणे एका ओळीचे 750 बाइट होत असले तरी बीएमपीमध्ये प्रत्येक ओळ चारच्या पटीत, म्हणजे येथे 752 बाइटांवर, संपवलेली असते, आणि ते दोन भरीचे बाइट विद्यार्थी पुढच्या ओळीचा आरंभ समजून वाचतो. चित्रावर काय करायचे आणि चित्र कसे साठवले आहे, हे दोन प्रश्न एकमेकांपासून सोडवून घ्यायला या क्षेत्राला बराच काळ लागला, आणि आजच्या प्रोग्रामांची घडण त्यातूनच आली आहे.

आरंभी हा प्रश्नच नव्हता. 1957 मध्ये रसेल किर्श यांनी अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरवले, तेव्हा ते 176 गुणिले 176 पिक्सेलांचे होते आणि ते वाचणारे यंत्रही एकच होते. पुढे यंत्रे वाढली, प्रत्येक उत्पादकाने आपापली साठवण ठरवली आणि एकाचे चित्र दुसऱ्याला वाचता येईना.

दरम्यान बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधनसंस्थेत दोन गोष्टी घडल्या होत्या. डेनिस रिची यांची सी भाषा आकाराला आली, आणि 1973 मध्ये, डग मॅकिलरॉय यांनी लावून धरलेली पाइपची कल्पना केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या कार्यप्रणालीत उतरवली. एका प्रोग्रामने जे बाहेर टाकले ते थेट दुसऱ्याच्या तोंडी द्यायचे, अशी ती सोय. मजकुरासाठी ती लगेच वापरात आली. चित्रांसाठी मात्र दोन प्रोग्रामांना समजेल असे समाईक रूपच नव्हते.

ते रूप आले ते टपालाच्या अडचणीतून. 1980च्या दशकात ई-मेलमधून साध्या अक्षरांखेरीज काही पाठवले तर वाटेत त्याची मोडतोड होत असे. जेफ पोस्कान्झर यांनी त्यावर पीबीएम नावाची रचना काढली : वर दोन अक्षरांची खूण, मग रुंदी आणि उंची, आणि पुढे पांढऱ्यासाठी 0 व काळ्यासाठी 1. इतकी साधी की विद्यार्थी नोटपॅडमध्ये शून्ये-एक मांडून ‘न’ काढतात आणि तो खरोखर चित्र म्हणून उघडतो. करड्या आणि रंगीत चित्रांसाठीची भावंडे तिच्यामागून आली आणि 1988 मध्ये पोस्कान्झर यांनी पीबीएमप्लस हा छोट्या छोट्या सी प्रोग्रामांचा संच खुला केला. तोच पुढे नेटपीबीएम झाला. यातली खुबी हिशेबात आहे. वीस प्रकारच्या चित्रफाइली एकमेकींत थेट बदलायच्या तर 380 प्रोग्राम लागतात, पण सगळ्यांनी या मधल्या रूपातून जायचे ठरवले तर चाळीस पुरतात. शिवाय फिरवणे, कापणे, लहान करणे यांचे प्रोग्राम तेवढेच रूप वाचतात. फाइलचा मूळ प्रकार त्यांना माहीतही नसतो. 1991 मध्ये आलेल्या मुक्त जेपेग लायब्ररीसोबतचा उलगडणारा प्रोग्रामसुद्धा, वेगळे सांगितले नाही तर, याच घराण्यातली फाइल बाहेर टाकतो.

याच सुमारास अगदी उलट वाटही निघाली. ड्यूपॉन्ट कंपनीत काम करणाऱ्या जॉन क्रिस्टी यांना 1987 मध्ये 24 बिटांची, म्हणजे दीड कोटीहून अधिक रंग मावणारी, चित्रे 256 रंगांच्या पडद्यांवर दाखवायची होती. त्यासाठी सीमध्ये लिहिलेला त्यांचा इमेजमॅजिक 1990 मध्ये सर्वांना खुला झाला. येथे पाइपची माळ नाही. एकच आज्ञा, तिला असंख्य पर्याय, आणि फाइलचा प्रकार प्रोग्रामने आपणच ओळखायचा. वापरणाऱ्याला ही वाट सोयीची, यात शंका नाही. शिकणाऱ्याने मात्र आधी पोस्कान्झर यांच्या वाटेने जावे असे मला वाटते, कारण तेथे प्रत्येक सांधा उघडा दिसतो.

खिडक्या आणि माउस आल्यावरही टर्मिनल हटले नाही, याचे कारण संख्येत आहे. नागपूरच्या अमरावती रोडवर उपग्रहांच्या चित्रांवर काम करणारे प्रादेशिक दूरसंवेदन केंद्र आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था या दोन्ही आहेत. 1988 मध्ये भारताचा आयआरएस-1ए उपग्रह सुटल्यापासून या क्षेत्रात चित्रांची मोजदाद एकेकट्याने होत नाही, आणि शेकडो फाइलींवर तीच क्रिया करायची असेल तर एका ओळीची आज्ञा माउसपेक्षा केव्हाही बरी.

इमेजमॅजिकसारख्या सर्वज्ञ प्रोग्रामची किंमत 2016 मध्ये कळली. इमेजमॅजिक काही प्रकारच्या फाइली बाहेरच्या प्रोग्रामांकडे सोपवताना चित्रफाइलीतला मजकूर पुरेसा न गाळता शेलकडे, म्हणजे टंकलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, देत असे. त्यामुळे मुद्दाम घडवलेले चित्र वेबसाइटवर चढवून सर्व्हरवर हव्या त्या आज्ञा चालवता येत होत्या. आमच्या प्रॅक्टिकलमध्ये शेल नाही, पण हेडरवरचा, म्हणजे फाइलीच्या आरंभी लिहिलेल्या रुंदी-उंचीसारख्या माहितीवरचा, भाबडा विश्वास तोच आहे. रुंदी 40,000 आणि उंची 40,000 असे लिहिलेली फाइल आली, तर रंगीत चित्राला 480 कोटी बाइट लागतात. 32 बिटांच्या बिनचिन्हाच्या पूर्णांकात सुमारे 429 कोटींपर्यंतचीच संख्या बसते, त्यामुळे हा गुणाकार मावत नाही आणि गुंडाळला जाऊन सुमारे 50 कोटी उरतो. मेमरीत जागा मिळवून देणारे सीचे फंक्शन मॅलॉक तेवढी जागा बिनतक्रार देते, आणि प्रोग्राम तिच्यात 480 कोटी बाइट लिहायला घेतो.